रिकाम्या खोलीतला पंखा

घरातून निघताना ती दाराला कुलूप लावायची, ओढून बघायची, जिना उतरायला लागायची आणि अर्ध्या वाटेतून परत येऊन पुन्हा एकदा ओढून बघायची. एकदा तर बाबा घरात असताना तिने बाहेरून कुलूप घातलं. आतून खणखणीत आवाज आला, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावं! एक वयस्कर प्रवासी आत अडकलेला आहे. चालकाने किल्ली घेऊन ताबडतोब परत यावं!"

बाबांची सगळी नोकरी बस स्थानकातल्या काचेच्या खोलीत बसून गाड्यांच्या वेळा सांगण्यात गेली होती. बाबा निवृत्त झाले, आवाज झाला नाही. दूध उतू गेलं तरी सूचना, नळाला पाणी आलं तरी सूचना. आई होती तोवर ती "पुरे झालं तुमचं स्टँड" म्हणून गप्प बसवायची. आईचं स्वतःचं लक्ष भलतीकडेच असायचं. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की तिचा जीव खालीवर व्हायचा. "कोणासाठी चाललाय? भिंतींना उकडतंय का?" आई गेली आणि हा प्रश्न लेकीच्या तोंडी आला. त्याच्या मागोमाग आईची सगळी काळजीही आली, जशीच्या तशी, एक टाका न उसवता.

लॅबमध्ये तिला 'काळजीवाहू' म्हणत. लॅबच्या प्रमुख मॅडम गावाला गेल्या की काळजीवाहू सरकार हिचंच, असा तो विनोद होता. तो इतका मुरला की तिचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं. तिशी कधीच उलटली होती. बरोबरीच्या मैत्रिणींची पोरं शाळेत जायला लागली होती आणि ही अजून शिकतच होती. आत्या भेटली की हमखास विचारायची, "अजून किती शिकणार गं? पुस्तकं संपत आली असतील एव्हाना."

ती काय करते हे आत्याला सांगणं सोपं होतं, पटवणं अवघड होतं. एक पोलादी पेटी, आतली हवा पार काढून टाकलेली. पेटीत समोरासमोर उभे दोन आरसे, डाळीच्या दाण्याएवढे, आणि दोघांच्या मध्ये केसभर फट. त्या फटीत एक अणू आणून बसवायचा. एकच. दोन आले तर गर्दी झाली. हाताने धरता येत नाही, म्हणून प्रकाशाच्याच चिमटीत धरायचा. आणि मग गार करायचा, कारण गरम अणू म्हणजे पाहुण्यांसमोर अंगात आलेलं कार्टं, जागेवर ठरणारच नाही. गार करायचा तो कसा? तर ज्या बाजूला तो पळेल त्या बाजूने त्याला प्रकाशाच्या टपल्या मारायच्या. इतक्या हलक्या आणि इतक्या वेळा, की शेवटी त्याने दमून गप्प बसावं.

"आणि तो बसला की काय होतं?" आत्या विचारायची.

"बसतो."

"एवढंच?"

"एवढंच तर होत नाही ना, आत्या!"

अणू डोळ्यांना दिसत नाही, पण ऐकू येतो. त्याच्या अंगावरून उडालेला प्रकाश आरशांमधून कण-कण बाहेर गळतो, एक यंत्र ते कण टिपतं आणि टेबलाखालच्या छोट्या स्पीकरमधून टिक, टिक असा आवाज येतो. फट रिकामी असेल तर आवाज तुरळक. अणू आला, की तापल्या तेलात मोहरी पडावी तसा तडतडाट. लॅबमध्ये अणूला सगळे 'पाहुणा' म्हणत. पाहुणा आला, पाहुणा बसला, पाहुणा गेला. आणि पाहुण्याला गार करणाऱ्या लेझरचं नाव अर्थातच 'पंखा'.

जुना पंखा समोरून होता, आणि पाहुणा पाणीही न पिता उठायचा. काळजीवाहूने तो बाजूला नेला, तिरका केला, स्क्रू पाव-पाव फिरवत कितीतरी आठवडे त्याच्याशी झटली. आणि मग एका सुट्टीच्या दिवशी पाहुणा आला तो बसलाच. उठेना. आवाज चालूच. इतका वेळ, की पंपवाला म्हणाला, "सरकार, आता याच्यासाठी गादी घाला."

पंपवाला म्हणजे तिचा लॅबमधला जोडीदार. पदवीने डॉक्टर, अंगाने पैलवान, पण पेटीतली हवा ओढणाऱ्या पंपावर त्याचा इतका जीव, की त्याची घरघर जरा बदलली तरी याचा घास घशात अडकायचा. दोघं मिळून काळजी करत, त्यामुळे ती अर्धी होण्याऐवजी दुप्पट व्हायची.

पडद्यावर पाहुण्याचं येणं एका रेघेत दिसायचं. रेघ एकदम वर चढायची, मग किंचित खाली उतरायची आणि तिथे लांबवर सपाट चालायची. तो किंचित उतार काळजीवाहूचा फार लाडका. पाहुणा गार झाला, टेकला, म्हणून त्याचं तडतडणं जरासं कमी झालं, असं ती सगळ्यांना दाखवायची. "हा बघा. इथे स्थिरावला."

मॅडमनी पहिल्यांदा ती रेघ बघितली तेव्हा चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला. "रिकामी फेरी?"

तो मॅडमचा नियम होता. काहीही हाती लागलं की एक फेरी पाहुण्याशिवाय करायची. अणूंची वाफ सोडणारी कुपी बंद ठेवायची, बाकी सगळं जसंच्या तसं. त्या फेरीतही आवाज आला, तर समजायचं की आपण ज्याला पाहुणा म्हणतोय तो पाहुणा नव्हे.

"केली, मॅडम. एकदा नाही, परत परत केली. एकदम शांत."

"मोजलंस की वाटतंय?"

"मोजलं."

"मग ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. मॅडमच्या तोंडून 'ठीक आहे' म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तोंडून वाजंत्री.

आणि आता मॅडम ती रेघ घेऊन दुसऱ्या शहरात गेल्या होत्या. या कामातली सगळी मोठी माणसं तिथे जमली होती. आज दुपारी, जेवणाची सुट्टी संपली की लगेच, मॅडम उभ्या राहून सांगणार होत्या की एकटा अणू आमच्याकडे इतका वेळ बसतो. खाली नाव काळजीवाहूचं. तिच्या प्रबंधाचा कणा तीच रेघ होती.

सकाळी बाबा म्हणाले, "दुपारी सुटणारी गाडी वेळेवर आहे का?"

"आहे, बाबा."

"मग चालकाचा चेहरा असा का?"

"पोटात गोळा आलाय."

"तो तुला जन्मापासून आहे. डॉक्टरने सांगितलं होतं, मुलगी आणि गोळा दोघंही सुखरूप आहेत." बाबा स्वतःच्या विनोदावर मनसोक्त हसले. मग बूट घालणाऱ्या लेकीकडे बघत म्हणाले, "तुझा पाहुणा पण सरकारी खात्यातलाच दिसतो हं."

"का?"

"तूच सांगतेस ना. कामाच्या दिवशी आला की उठला. सुट्टीच्या दिवशी मात्र बसला की बसला. बूड हलवत नाही."

"सुट्टीला इमारतीत वर्दळ नसते, बाबा. दारं आपटत नाहीत, लिफ्ट चालत नाही. आरसे हलले की तो उडतो. नाही हलले की टिकतो."

"असेल, असेल. मी आपली गंमत केली."

तिने कुलूप लावलं नाही, कारण बाबा घरात होते. पण जिना उतरताना हात सवयीने मागे जात होता.

कोपऱ्यावरच्या सिग्नलला ती थांबली, आणि तिथे तिला ती सवय नडली. बाबांचं बोलणं कानात होतं. सुट्टीच्या दिवशी टिकतो, त्यात काही वावगं नव्हतं. पण फक्त आरसे हलल्यावरच उठतो? एरवी कधीच नाही? पाहुणा आहे म्हटल्यावर कधीतरी स्वतःच्या मनाने उठायला हवा की नको?

जाऊ दे, रिकामी फेरी केली आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. आणि कुलूप ओढून बघावं तशी ती फेरी मनातल्या मनात ओढून बघायला लागली. कुपी बंद केली. आरसे जागेवर आणले. प्रकाशाची चिमटी लावली. मग कॉम्प्युटर पाहुण्याची वाट बघत बसला. पाहुण्याची चाहूल लागली की त्याने पंखा...

माणसांना जायचा हिरवा दिवा लागला. ती हलली नाही.

पंखा दिवसभर चालू ठेवला तर त्याच्या उष्णतेने आरसे जागचे हलायचे. म्हणून चाहूल लागल्याशिवाय पंखा लावायचाच नाही, अशी ओळ तिने स्वतः प्रोग्रॅममध्ये लिहिली होती. लिहिताना आईच्या सुरात म्हणालीही होती, "रिकाम्या खोलीत पंखा कशाला?" सगळे हसले होते. मॅडमनाही ते आवडलं होतं.

रिकाम्या फेरीत पाहुणा येत नाही. पाहुणा आला नाही की पंखा लागत नाही. म्हणजे ज्या नव्या पंख्याची परीक्षा घ्यायची, तो त्या फेऱ्यांमध्ये एकदाही लागला नव्हता. सगळ्या फेऱ्या शांत होत्या, कारण तिथे वाजण्यासारखं काही नव्हतंच.

"ओ बाई, जायचं असेल तर जा, नाहीतर बाजूला व्हा!" मागचा सायकलवाला ओरडला.

तिने फोन काढला. मॅडमचं नाव समोर आणलं. आणि परत ठेवून दिला. काय सांगणार? मॅडम, मला वाटतंय की? 'वाटतंय'वर मॅडम काय म्हणायच्या ते तिला पाठ होतं. आधी पंखा हाताने लावून बघायचा, रिकाम्या फटीवर. काही नाही झालं तर कुणाला कळायचंही कारण नाही. ती निम्मं अंतर चालली आणि निम्मं पळली.

लॅबच्या दाराशी चपला काढण्याची जागा होती, आत फक्त कापडी सपाता. तिने एक सपात उलटी घातली. पंपवाला टेबलापाशी दोन्ही कानांवर हात ठेवून उभा होता.

"सरकार, आज काही खरं नाही. ऐका."

ऐकायची गरज नव्हती. पायांखालची जमीनच गुरगुरत होती.

"तळघरात फरशी फोडतायत. सकाळपासून. आरसे दोन क्षणसुद्धा जागा धरत नाहीत. बरं झालं, आज आपल्याला काही मोजायचं नाही."

"मोजायचंय."

"आज? अगं, आज तर मॅडम..."

"मॅडम बोलायच्या आत मोजायचंय." आणि तिने त्याला सिग्नलवरची सगळी गोष्ट सांगितली. सांगताना तिला वाटत होतं, तो मध्येच हसेल, म्हणेल, वेडी आहेस, पंखा तर अमक्या वेळी लागला होता की. तो हसला नाही. त्याने कानांवरचे हात काढले आणि स्टुलावर बसला.

"लेझर तापायला ठेव," ती म्हणाली. "मी खाली जाऊन येते."

तळघरात धूळ इतकी होती की माणसं आधी आवाजाने कळत होती आणि नंतर दिसत होती. भिंतीपाशी उभा असलेला, कानात कापूस घातलेला माणूस मुकादम असावा.

"दादा, थोडं थांबाल का?"

"काय?"

"थांबाल का! मशीन!"

मुकादमाने हात वर केला. मशीन थांबलं. एकदम झालेल्या शांततेत तिचा ओरडण्याचा सूर तसाच राहिला. "मला वर एक गोष्ट ऐकायची आहे!"

"ताई, आता हळू बोललात तरी चालेल," मुकादम म्हणाला. "काल तुमचे वरचे येऊन सांगून गेले, लवकर उरका. आज तुम्ही म्हणता थांबा. तुम्ही वरचे सगळे एकदा एकत्र बसा आणि काय ते ठरवा. काय ऐकायचंय?"

"काही ऐकू येत नाही ना, ते ऐकायचंय."

मुकादमाने साथीदारांकडे बघितलं. "बघा रे. आमची घरधनीण पण हेच म्हणते. तू बाहेर जा, मला काही ऐकू येत नाही ना, ते ऐकायचंय."

धुळीतून हसू आलं. तिला हसता येत नव्हतं, आणि ते बहुतेक चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण मुकादमाने कानातला कापूस काढला.

"असं करू. आम्ही आज जेवण जरा लवकर घेतो. डबे उघडले की मशीन बंद, डबे मिटले की मशीन चालू. त्यापुढे माझ्या हातात नाही."

"सावकाश जेवा हं."

"नोकरीत हे आजच ऐकलं," मुकादम म्हणाला.

ती वर आली तेव्हा पंपवाल्याने काळे पडदे ओढले होते. चंदेरी कागदात गुंडाळलेली पेटी टेबलाच्या मधोमध बसली होती. खालची गुरगुर थांबली होती आणि आरसे हळूहळू जागेवर येत होते.

"कुपी बंद?"

"बंद."

"परत बघ."

"बंद आहे, सरकार. ओढून बघितली."

तिने प्रोग्रॅम बाजूला सारला आणि पंख्याचं बटण स्वतःच्या हाताखाली घेतलं. स्पीकरमधून एखादी टिक यायची. मग बराच वेळ काही नाही. मग एखादी. रिकाम्या घरात नळ ठिबकावा तसं.

"लाव," पंपवाला म्हणाला.

"लावते."

"लाव ना."

"लावते म्हटलं ना! आरसे जागेवर धर तू."

बोट बटणावर होतं. तिला वाटलं, अजून या क्षणापर्यंत सगळं जागच्या जागी आहे. रेघ खरी आहे, मॅडम तिकडे निर्धास्त जेवतायत, आत्याला पुढच्या भेटीत सांगायला उत्तर आहे. बटण दाबलं की त्यातलं काय राहील, ठाऊक नाही.

तिने दाबलं.

टिक. टिक-टिक. आणि मग तडतडाट. पडद्यावर रेघ चढली, आणि ती लांब सपाट पट्टी जिथे असायची, अगदी तिथे जाऊन थांबली.

"पाहुणा आला," पंपवाला सवयीने म्हणाला. मग त्याने स्वतःच कुपीकडे बघितलं. "कुपी बंद आहे," तो हळूच म्हणाला, जणू कुणी झोपलंय.

तिने पंखा बंद केला. शांत. लावला. तडतडाट. तिरक्या पंख्याचा प्रकाश आरशाच्या कडेला घासत होता आणि त्यातला चिमूटभर आत सांडत होता. तेवढा चिमूटभर प्रकाश अणूच्या आवाजात बोलत होता.

आता तिला तो लाडका उतारही कळला. रेघ चढायची तेव्हा अणू खरंच आलेला असायचा, आणि त्याच्या चाहुलीने पंखा लागायचा. मग अणू जायचा, पण पंख्याच्याच आवाजाला चाहूल समजून कॉम्प्युटर पंखा चालू ठेवायचा. रेघ त्याच्यापुरती तेवढी उतरायची, आणि उरलेला सगळा आवाज पंख्याचा. तो टेकला नव्हता. तो उठून गेला होता, आणि ती बंद दाराला कान लावून सगळ्यांना सांगत होती, बघा, आत किती शांत बसलाय. आरसे हलेपर्यंत तो आवाज चालणार. म्हणजे इतके दिवस तिने अणू मोजलाच नव्हता. इमारत किती वेळ गप्प राहते, तेवढं मोजलं होतं.

"बस जरा," पंपवाला म्हणाला. "पाणी देऊ?"

"मॅडमना फोन करायला हवा."

"आत्ता? अगं, त्या उभ्या राहायच्या बेतात असतील. ऐन वेळी असं काही कानावर घातलंस तर बोलतील काय? येऊ दे त्यांना परत. मग आपण तिघं बसू, नीट सगळं तपासू, चुकलं म्हणून कळवू. लोक चुकतात. कळवतात. जग बुडत नाही."

तो वाईट सांगत नव्हता. तिच्या मनात तेच आधी येऊन गेलं होतं, म्हणून तर ते तिला इतकं समजूतदार वाटलं. परत आल्यावर सांगितलं, तर चूक सगळ्यांची. कधी कळलं, हे कोण विचारतंय? पण मॅडम तिथे उभ्या राहून जे बोलतील, ते त्या तिच्या शब्दावर बोलतील. मोजलंस का, हो मोजलं.

पहिल्यांदा फोन वाजून वाजून बंद पडला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा आवाज आला, "काय गं? आत जातेय मी."

"मॅडम, पाहुणा बसत नाही."

"आज नाही बसला तर काय बिघडलं? उद्या बसेल."

"नाही, म्हणजे, कधीच बसत नव्हता. येत होता आणि जात होता. बाकी सगळा पंखा होता, मॅडम."

"भरभर बोल, पण नीट बोल."

"रिकाम्या फेरीत पंखा लागतच नव्हता. चाहूल लागल्याशिवाय लागत नाही ना तो. मी आज हाताने लावला. कुपी बंद ठेवून. आवाज येतो. त्याच उंचीवर."

पलीकडे बश्यांचे, चमच्यांचे, माणसांचे आवाज होते.

"वाटतंय की मोजलंस?"

"मोजलं."

"परत मोज. मी फोन धरलाय. स्पीकरपाशी ने."

ती टेबलाखाली वाकली आणि फोन स्पीकरला लावला. पंपवाल्याला मान हलवून खूण केली. पंखा बंद. नळ ठिबकल्यासारखी एखादी टिक. पंखा चालू. तडतडाट. बंद. चालू. ती वाकलेलीच राहिली, पाठीला रग लागली तरी.

तेवढ्यात खाली डबे मिटले असावेत. जमीन एकदा थरथरली, आणि तडतडाट कात्रीने कापावा तसा तुटला.

"हे काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"खाली फरशी फोडतायत. आरसे हलले."

"म्हणजे पाहुणा गेला."

"हो मॅडम. असाच जायचा."

मॅडमनी श्वास सोडला, तो इथपर्यंत ऐकू आला. "परत परत केली होतीस रिकामी फेरी. तूच सांगितलंस."

"केली होती."

"आणि त्यात पंखा लागतो का, हे ना तू बघितलंस ना मी विचारलं." आवाज चढला नाही, आणि म्हणूनच जास्त लागला. "ते आपण नंतर बघू. चांगलं बघू. आत्ता एवढंच सांग, उतार येण्याआधी तो असतो ना? तेवढा तर खरा?"

"तेवढा खरा."

"तो वेळ जुन्या पंख्यापेक्षा जास्त आहे की नाही?"

"माहीत नाही. तो कधी वेगळा मोजलाच नाही."

"काय वाटतं?"

मॅडमनी 'वाटतं' हा शब्द आपणहून वापरलेला तिने कधी ऐकला नव्हता. "काहीच वाटत नाहीये, मॅडम."

मागून कुणीतरी मॅडमना हाक मारली. बुटांचे आवाज, खुर्च्या सरकल्याचे आवाज. मॅडम चालता चालता बोलायला लागल्या.

"ती रेघ मी दाखवणार आहे. इथल्या निम्म्या लोकांनी आधीच तिच्याबद्दल ऐकलंय, गाळून चालणार नाही. दाखवणार आणि उतारानंतर त्यात काय आहे ते सांगणार. खाली तुझं नाव आहे. काढायचं तर आत्ता काढते."

नाव काढलं तर हसतील ते मॅडमना. एवढ्या मोठ्या बाई, त्या पेलतील. नाव ठेवलं, तर इथून पुढे कुठेही गेली तरी लोकांच्या लक्षात ती राहणार, पंख्यालाच पाहुणा समजलेली बाई म्हणून. पंपवाला तिच्याकडे बघत होता आणि खालून मशीन सलग चालत होतं.

"राहू दे," ती म्हणाली.

"ऐकू नाही आलं. तिकडे आवाज आहे."

"राहू दे, मॅडम! नाव राहू दे!"

"बरं. मी बोलून होईपर्यंत तो खरा वेळ मला कळव. प्रश्न विचारतीलच." फोन बंद झाला.

अणू आता आणता येणार नव्हते, आरसे धरत नव्हते. पण जुन्या सगळ्या रेघा कॉम्प्युटरमध्ये होत्या. तिने पहिली उघडली. लांब सपाट पट्टी पडद्याबाहेर ढकलून दिली आणि सुरुवात ताणून मोठी केली. चढ. मग एक अरुंद उंच ठोकळा, ज्याच्याकडे तिने कधी धड बघितलंच नव्हतं. मग उतार. तिने ठोकळ्याच्या दोन्ही कडांना खुणा केल्या.

"जास्त आहे?" पंपवाला मानेवर श्वास टाकत उभा होता.

तिने दुसरी रेघ उघडली. इथला ठोकळा बराच रुंद होता. तिसऱ्या रेघेतला अगदीच सुतासारखा.

"सरकार, जास्त आहे की कमी?"

"थांब."

"अंदाज तरी..."

"थांब म्हटलं ना! तीन रेघांनी काही कळत नाही. सगळ्या काढायला लागतील. तू खालून सुरू कर, मी वरून येते." खूण दोनदा चुकली, दोनदा पुसली. पंपवाल्याने दुसरं स्टूल ओढलं. फरशी फोडणाऱ्या मशीनने टेबलावरचे पेन्सिलीचे तुकडे नाचायला लागले. तिने ते एका हाताने दाबून धरले आणि दुसऱ्या हाताने चौथी रेघ उघडली.